एका इंचाचा हिशेब: ट्रॅक्टर, उपग्रह आणि बांधावरचं बेस स्टेशन

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. पडद्यावर दाखवलेल्या आकृत्यांचा आशय वाक्यांत बसवून घेतला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आहेत.)

विषयाचं नाव जरा जड आहे, उपग्रह वगैरे. पण मी सुरुवात तिफणीपासून करणार आहे.

इथं ज्यांनी बैलांमागं तिफण धरली आहे, त्यांनी जरा हात वर करा. बरेच आहेत की! मग मला सांगा, पहिलं तास सरळ कसं घालायचो आपण? समोरच्या बांधावर एक खूण धरायची. बाभळ असेल, शिवेचा दगड असेल, नाहीतर फडकं बांधलेली काठी. नजर तिथं ठेवायची आणि चालायचं. पायाखाली बघत चाललं की तास वाकडं. आणि खूण म्हणून झाडाखाली बसलेली म्हैस धरली, आणि ती मधेच उठून गेली, तर काय होतं ते सांगायला नको. (हशा)

आजचं सगळं व्याख्यान ह्या खुणेवर आहे. स्टिअरिंगला हात न लावता सरळ जाणारा ट्रॅक्टर तुमच्यापैकी काहींनी प्रदर्शनात पाहिला असेल. विकणारा आपल्याला सांगतो, 'उपग्रहावर चालतो.' खोटं नाही ते, पण अर्धं आहे. उपग्रहाच्या भरवशावर ट्रॅक्टर काही मीटरांपर्यंत येतो. तिथून पुढं इंचापर्यंत त्याला आणते ती जमिनीवर पक्की रोवलेली एक खूण. तिला बेस स्टेशन म्हणतात. पैसे कशावर घालायचे, कुणाच्या भरवशावर काम करायचं, हे ठरवताना ही दुसरी अर्धी बाजू माहीत असायला हवी. नाहीतर काय होतं, ते मी माझ्याच चुकीवरून पुढं सांगणार आहे.

फोन आणि ट्रॅक्टर

तुमच्या खिशातला फोन मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरांच्या आत तुमची जागा सांगतो. गाव शोधायला एवढं पुष्कळ झालं. पण उसाची सरी पाच फुटांवर, म्हणजे दीड मीटरवर. पाच मीटरची चूक म्हणजे तीन सऱ्या इकडं-तिकडं. तरी त्याच उपग्रहांकडं बघून ट्रॅक्टर दोन-अडीच सेंटिमीटरांत, म्हणजे एका इंचात, रेघ धरतो. हे कसं?

आधी फोनचं गणित बघू. अमेरिकेचे जीपीएस उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बायदू आणि आपले नाविक हीसुद्धा त्याच जातीची कुटुंबं आहेत. प्रत्येक उपग्रह सतत एकच बोलत असतो: 'मी अमुक ठिकाणी आहे, आणि माझ्या घड्याळात आत्ता एवढे वाजलेत.' हा निरोप आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला ते मोजायचं आणि त्याला प्रकाशाच्या वेगानं गुणायचं, की अंतर मिळतं. तीन उपग्रहांपासूनची अंतरं मिळाली की जागा ठरते. चौथा लागतो तो आपल्या रिसीव्हरमधल्या स्वस्त घड्याळाची चूक काढायला.

आता अडचण बघा. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात ३० सेंटिमीटरची चूक, एक फूट! आणि चुका कुठून येतात? उपग्रहाचं घड्याळ किंचित मागं-पुढं असतं. तो सांगतो त्या जागेपासून जरा बाजूला असतो. वर वातावरणात आयनोस्फिअर नावाचा विद्युतभारित थर आहे, त्यातून येताना निरोपाला उशीर होतो. दुपारी जास्त, पहाटे कमी. खाली हवेतल्या बाष्पानं आणखी थोडा. शेजारी पत्र्याची शेड असेल तर निरोप तिच्यावर आपटून वाकड्या वाटेनं येतो. ह्या सगळ्यांची बेरीज म्हणजे ते मीटर.

काट्यावर आधी माहीत असलेलं वजन ठेवा

ह्यातून वाट कशी काढली, ते काट्याच्या उदाहरणानं सांगतो. काट्याचा विषय काढला की ऊसवाल्यांचे कान टवकारतात. (हशा) समजा एका काट्यावर तुमचा विश्वास नाही. तुम्ही काय कराल? पन्नास किलोचं खात्रीचं वजन त्यावर ठेवाल. काटा म्हणाला अठ्ठेचाळीस, तर कळलं की हा दोन किलो कमी दाखवतोय. मग तुमचं पोतं ठेवा आणि येईल त्या आकड्यात दोन मिळवा. काटा दुरुस्त करायची गरजच नाही. तो किती चुकतो एवढं कळलं की झालं.

बेस स्टेशन म्हणजे ते खात्रीचं वजन. एक रिसीव्हर अशा ठिकाणी पक्का बसवायचा, ज्याची जागा आपल्याला आधीच नेमकी ठाऊक आहे. तो आकाशाकडं बघतो, उपग्रहांचे निरोप मोजतो. त्याला खरं उत्तर माहीत असल्यामुळं आत्ता ह्या क्षणी प्रत्येक उपग्रहाच्या मोजमापात किती चूक येतेय हे उघडं पडतं. ही मोजमापं तो साधारण दर सेकंदाला रेडिओवरून किंवा मोबाइलच्या इंटरनेटवरून ट्रॅक्टरकडं पाठवतो. ट्रॅक्टर दोन-चार किलोमीटरवर आहे. त्याच्या डोक्यावरही तेच आकाश, तेच उपग्रह, तोच थर. म्हणजे त्याचीही चूक जवळपास तेवढीच. ती वजा केली की राहतं ते खरं. ह्या वजाबाकीला आपण बोलताना 'करेक्शन' म्हणतो.

ही वजाबाकी किती ताकदीची आहे, ह्याचा एक पुरावा देतो. मे २००० पर्यंत अमेरिकेचं लष्कर जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे, शत्रूला उपयोग होऊ नये म्हणून. साध्या रिसीव्हरची जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. ही मुद्दाम केलेली गडबड चालू असताना, १९९६ साली, कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ब्रॅडफर्ड पार्किन्सन यांच्या गटानं एक मोठा जॉन डीअर ट्रॅक्टर शेतात आपोआप चालवून दाखवला. हे पार्किन्सन म्हणजे जीपीएस उभारणीच्या सुरुवातीचे प्रमुख. मायकेल ओ'कॉनर हे त्यांचे विद्यार्थी त्या कामात पुढं होते. चूक होती काही सेंटिमीटर. शंभर मीटरची लबाडी आकाशातून येत होती आणि ट्रॅक्टर इंचात चालत होता. कारण लबाडी बेसला आणि ट्रॅक्टरला सारखीच ऐकू येत होती, वजाबाकीत ती निघून गेली.

साखळीच्या कड्या

एवढ्यानं मात्र इंच मिळत नाही. साध्या वजाबाकीनं आपण अर्ध्या-एक मीटरपर्यंत येतो. पुढची पायरी जरा बारीक आहे, पण ती कळली की ट्रॅक्टरच्या पडद्यावरचा एक महत्त्वाचा शब्द कळतो, म्हणून सांगतो.

उपग्रहाचा निरोप एका रेडिओ लाटेवर स्वार होऊन येतो. त्या निरोपातल्या खुणा एकमेकींपासून सुमारे तीनशे मीटर अंतरावर असतात, म्हणजे मोजपट्टी फार जाड. पण खालची लाट बारीक आहे. जीपीएसच्या मुख्य लाटेची लांबी फक्त १९ सेंटिमीटर, वीतभर. आणि त्या लाटेचा कुठला भाग आत्ता अँटेनावर आला, हे रिसीव्हर मिलिमीटरांत सांगू शकतो.

मग घोडं अडतं कुठं? जुन्या मोजणीची साखळी आठवा. समजा ती अंधारात ताणली आहे. तुमच्या हातातल्या कडीचा किती भाग पुढं आलाय ते तुम्हाला बोटानं कळतं. पण पलीकडच्या टोकापर्यंत एकूण कड्या किती, ते दिसत नाही. उपग्रहापर्यंत अशा लाटा दहा कोटींच्या वर आहेत. त्यातली एक जरी मोजायची चुकली, तरी त्या उपग्रहाचं अंतर वीतभर चुकलं.

ही कड्यांची पूर्ण संख्या बेस आणि ट्रॅक्टर, दोघांची मोजमापं एकत्र ठेवून, बरेच उपग्रह आणि शक्यतो दोन वेगवेगळ्या लाटा वापरून सोडवतात. चालत्या ट्रॅक्टरवर, त्याच क्षणी. ह्या पद्धतीला 'रिअल टाइम किनेमॅटिक', म्हणजेच आरटीके म्हणतात. कड्यांची संख्या नक्की ठरली की पडद्यावर शब्द येतो 'फिक्स'. संख्या अजून अंदाजात आहे, तर येतो 'फ्लोट'. फ्लोटमध्ये चूक वीतभर, हातभर असू शकते. माझा सल्ला: फवारणी फ्लोटवर एक वेळ चालेल. लावण आणि पेरणी फ्लोटवर करू नका. दोन मिनिटं थांबा, बिडी-काडी सोडून काहीही करा (हशा), पण फिक्स येऊ द्या.

आणखी एक बारीक गोष्ट, जी विकणारे घाईत सांगत नाहीत. अँटेना असतो ट्रॅक्टरच्या टपावर, जमिनीपासून तीनेक मीटर उंच. जमीन दोन अंश जरी कलती असली, तरी टप दहा सेंटिमीटर बाजूला झुकतो. अँटेनाची जागा इंचात बरोबर, पण सरी चार इंच चुकीची. म्हणून ट्रॅक्टरचा कल मोजणारा सेन्सर यंत्रात हवाच. माळावरच्या उताराच्या रानात तर नक्कीच.

किती लांबून चालतं?

'दोघांच्या डोक्यावर तेच आकाश' हे गृहीतक अंतर वाढलं की ढिलं पडतं. ढोबळ हिशेब असा: बेसपासून दर किलोमीटरला एक मिलिमीटर चूक वाढते. दहा किलोमीटरला एक सेंटिमीटर. परदेशातल्या पुस्तकांत वीस-तीस किलोमीटरपर्यंत चालतं म्हणून लिहिलेलं असतं. पण आपण कुठं राहतो ते बघा. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं आणि आयनोस्फिअरचा सर्वांत दाट पट्टा मध्य भारतावरून. महाराष्ट्र त्या दोघांच्या मधे. आपल्यावरचा हा थर युरोपपेक्षा जास्त खवळलेला असतो, विशेषतः सूर्य मावळल्यापासून मध्यरात्रीपर्यंत, आणि त्यातही मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास. संध्याकाळी दिवे लावून काम करताना फिक्स सारखं तुटायला लागलं, तर लगेच यंत्राला शिव्या देऊ नका. आकाशाचाही भाग असतो त्यात.

करेक्शन पोचण्याच्या वाटा मुख्यतः दोन. एक रेडिओ. त्याला मधे टेकाड, दाट झाडी चालत नाही, आणि कुठल्या रेडिओला सरकारी परवाना लागतो ते आधी विचारून घ्यावं लागतं. दुसरी वाट मोबाइलचं इंटरनेट. ती सोपी, पण ओढ्याकाठच्या रानात रेंज गेली की करेक्शन गेलं.

खूण हलली, तेव्हा

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी एका उसाच्या रानात मी हे काम केलं होतं. पाच फुटी सरी, आणि ठिबकच्या नळ्या जमिनीखाली आठ इंचांवर गाडलेल्या. हेतू असा, की ऊस गेला तरी नळ्या तशाच राहाव्यात आणि पुढचं पीक त्यांच्यावरच घ्यावं. बेस मी तिवईवर उभा केला होता. त्याला त्याची जागा कशी सांगितली? बेसमध्ये एक सोय असते: 'स्वतःच ठरव.' तो पाच मिनिटं आकाशाकडं बघतो, सरासरी काढतो आणि म्हणतो, मी इथं आहे. ही सरासरी साध्या जीपीएसची, म्हणजे मीटर-दोन मीटर चुकलेली असू शकते. त्या दिवशी त्यानं काही बिघडलं नाही. सगळ्या सऱ्या एकमेकींपासून अगदी पाच फुटांवर, सुतात. सगळे खूश.

ऊस गेला, खोडवाही गेला, रान नांगरून मोकळं झालं. आता दोन नळ्यांच्या बरोबर मधून सबसॉयलर घालायचा होता. साठवलेल्या रेघा यंत्रात होत्याच. पुन्हा तिवई उभी केली, त्याच जागी, अगदी त्याच खड्ड्यांत पाय ठेवून. आणि पुन्हा तेच बटण दाबलं. बेसनं पाच मिनिटं बघून नवी सरासरी काढली. जुनीपेक्षा आडव्या दिशेनं अडीच फूट वेगळी! पाच फुटांच्या सऱ्यांमधे अडीच फूट म्हणजे काय? बरोबर. मधोमध जायचं ते नेमकं नळीवर.

पडद्यावर हिरवा 'फिक्स'. ड्रायव्हरचे हात मांडीवर. रेघ इंचातली. आणि मागं काळ्या नळीचे तुकडे वर यायला लागले. ते दिसेपर्यंत दीड-दोन एकरांतल्या नळ्या गेल्या होत्या. त्या शेतकऱ्यानं मला एकच विचारलं, 'साहेब, यंत्र चुकलं का हो?' यंत्र चुकलं नव्हतं. मी त्याला खोटी खूण दिली होती आणि ते त्या खोट्या खुणेशी इंचा-इंचानं प्रामाणिक राहिलं. नळ्यांचे पैसे मी भरले. हंगामाचे पंधरा दिवस गेले, ते मात्र मला भरून देता आले नाहीत.

म्हणून दोन अचूकता वेगळ्या ओळखा. एक, ह्या तासापासून पुढचं तास. ती कुठलाही बेस देतो. दुसरी, ह्या वर्षीच्या रेघेवर पुढच्या वर्षी पुन्हा येणं. ती फक्त न हललेली आणि नोंदलेली खूण देते. नळ्या गाडायच्या असतील, कायमचे गादीवाफे ठेवायचे असतील, ट्रॅक्टरची चाकं दरवर्षी एकाच पट्ट्यावरून फिरवून बाकीची जमीन भुसभुशीत ठेवायची असेल, तर दुसरीच लागते.

काय करायचं त्यासाठी? बेससाठी काँक्रीटचा खांब बांधा. झाडापासून, पत्र्यापासून लांब, चारी बाजूंनी मोकळं आकाश. त्याची जागा एकदा नीट, तासन्‌तास मोजून ठरवा. तो आकडा, अँटेनाची उंची, तारीख, सगळं वहीत लिहा आणि ती वही सात-बाऱ्यासारखी जपा. दर हंगामाला पहिलं काम म्हणजे शेतातल्या एका पक्क्या दगडावर यंत्र टेकवून गेल्या वर्षीचाच आकडा येतोय का ते बघणं. पाच मिनिटांचं काम आहे. मी ते केलं नव्हतं.

खुणेची ही शिस्त आपल्या देशाला नवी नाही. १८०२ साली विल्यम लॅम्ब्टन यांनी मद्रासजवळ साडेसात मैलांची एक पायारेषा पोलादी साखळीनं मोजली आणि तिच्यावरून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत भारताची मोजणी सुरू केली. पहिली रेघ चुकली असती तर पुढचं सगळं चुकलं असतं, म्हणून त्या एका रेघेला कित्येक आठवडे दिले. हे लॅम्ब्टन नागपूरकडं जाताना १८२३ साली आपल्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथंच आहे. त्या मोजणीचा वारसा सांगणाऱ्या सर्व्हे ऑफ इंडियानं अलीकडच्या वर्षांत देशभर कायमची बेस स्टेशनं उभारली आहेत. त्यांना कॉर्स म्हणतात, आणि त्यांची संख्या हजाराच्या आसपास आहे. इंटरनेटवरून त्यांचं करेक्शन घेता येतं. भूमी अभिलेख खात्याची रोव्हरनं होणारी मोजणी त्यांच्यावरच चालते.

फक्त एक सावधगिरी. आपला भारतीय भूखंड दरवर्षी सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडं सरकतोय. तुमचा खांब आणि तुमचं शेत बरोबरच सरकतात, त्यामुळं स्वतःच्या बेसवर काही फरक पडत नाही. पण पाच वर्षांपूर्वीच्या रेघा एका सेवेवर काढल्या आणि आज दुसरी, जगाच्या आजच्या नकाशावर चालणारी सेवा घेतली, तर पाव मीटरचा फरक निघू शकतो. सेवा बदलली की आधी दगडावर तपासा.

दोन तारखा

आता दोन तारखा सांगतो. १७ एप्रिल २०२३. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पेरणीच्या तयारीचे दिवस. तिथल्या अनेक ट्रॅक्टरांना करेक्शन मिळत होतं इनमारसॅट कंपनीच्या एका दळणवळण उपग्रहावरून. तो उपग्रह बंद पडला. जीपीएस ठणठणीत होतं, पण करेक्शनची वाट तुटली आणि यंत्रं अडली. ज्यांचं करेक्शन जवळच्या बेसवरून येत होतं, त्यांना त्या उपग्रहाशी देणं-घेणं नव्हतं.

दुसरी तारीख, १० मे २०२४. दोन दशकांतलं सर्वांत मोठं सौर वादळ. लडाखमध्ये हानलेला आकाश लाल झालेलं तुम्ही फोटोंत पाहिलं असेल. अमेरिकेच्या मध्यभागात तेव्हा मक्याच्या पेरणीची ऐन घाई. ह्या वेळी बेस होते, वाटाही चालू होत्या. पण आयनोस्फिअर इतका खवळला, की बेसवरचं आकाश वेगळं आणि ट्रॅक्टरवरचं वेगळं. वजाबाकीचा पायाच गेला. पुष्कळांनी काम थांबवलं. ज्यांनी रेटून पेरलं, त्यांना पुढचा घोर लागला: आता ह्या ओळींवरून परत यंत्र फिरवताना रेघ जुळेल का?

ह्यातून मी 'यंत्र नको' असं म्हणत नाही. करेक्शन कुठून येतं, कोणत्या वाटेनं, ते बंद पडलं तर विचारायचं कुणाला, हे माहीत असल्याशिवाय पेरणी त्याच्यावर टांगू नका, असं म्हणतो. आणि हातानं सरळ तास घालणारा माणूस शेतावर असू द्या.

आपल्या शिवारात बसतं का?

महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा, २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणं, १.३४ हेक्टर. सव्वातीन एकर. एवढ्यासाठी एकट्यानं हे सगळं घेणं मला पटत नाही, आणि कुणी पटवत असेल तर दोनदा विचार करा.

पण बेसचा एक गुण लक्षात घ्या. तो आकाशवाणीसारखा आहे. एक ट्रॅक्टर ऐको की शंभर, त्याला काही फरक पडत नाही. दहा किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे ३१४ चौरस किलोमीटर, एकतीस हजार हेक्टरांवर क्षेत्र. म्हणजे ही वस्तू शेतकऱ्याच्या मापाची नाहीच, ती दहा-वीस गावांच्या मापाची आहे. साखर कारखाना, शेतकरी उत्पादक कंपनी, सोसायटी, ह्यांच्या मापाची. यंत्र भाड्यानं चालवणाऱ्यांनी फक्त रिसीव्हर आणि स्टिअरिंगची मोटर घ्यायची. रोटाव्हेटर सहा फुटी, आणि दर फेरीला अर्धा फूट चढवून मारला, तर बारापैकी एक भाग डिझेल वाया. दिवसाला दहा-बारा एकर करणाऱ्याला हा हिशेब परवडतो, तीन एकरवाल्याला नाही.

यंत्रंही स्वस्त होतायत. दोन लाटा ऐकणारे रिसीव्हर आता पूर्वीच्या किमतीच्या अंशात मिळतात. कॅनडात अल्बर्टा प्रांतातले एक शेतकरी, ब्रायन टिशलर, यांनी ट्रॅक्टर वळवायचं सॉफ्टवेअर स्वतः लिहून सगळ्यांना खुलं करून दिलं. जगभरात शेतकरी ते वापरतात, आपल्या हातानं जोडतात.

राहतो प्रश्न खांबाचा. पाणीवाटप संस्था ज्यांनी चालवल्यात, त्यांना हे सांगायला नको: मोटर बसवणं सोपं असतं, ती कुणाच्या अंगावर आहे हे ठरवणं अवघड असतं. बेसचा खांब कुणाच्या रानात, वीजबिल कुणाचं, वही कुणाकडं, आणि कुणी सहज म्हणून अँटेना उचलून बाजूला ठेवला तर ते कळवणार कोण? आधी ही नावं ठरवा आणि खरेदीला नंतर जा.

श्रोत्यांचे प्रश्न

*आपला स्वदेशी नाविक असताना बेस कशाला हवा?*

नाविकचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला. त्याची मूळ योजना सात उपग्रहांची. ते आपल्या डोक्यावर उंच असतात, हा फायदाच आहे. पण नाविक असो की जीपीएस, हवेतून येणारा निरोप तसाच मीटरांत चुकतो. आपली गगन सेवासुद्धा मुख्यतः विमानांसाठी, मीटरभराच्या कामाची. फवारणीला ती पुरते. सरीला बेस लागतोच. उपग्रह जितके जास्त दिसतील तितकं फिक्स लवकर येतं, एवढी मदत नाविकची नक्की होईल.

*आमचा शेजाऱ्याशी बांधाचा वाद आहे. ह्या यंत्रानं आम्हीच मोजून घेतलं तर?*

(हशा) मला वाटलंच होतं, हा प्रश्न येणार. आकडा तुम्हाला इंचात मिळेल. पण तो बिंदू कोणता, हे यंत्राला माहीत नसतं. हद्द ठरते अभिलेखातल्या नकाशावरून, आणि वादात ग्राह्य धरतात ती भूमी अभिलेख खात्याची मोजणी. यंत्राचा कागद घेऊन शेजाऱ्याच्या दारात जाऊ नका. मोजणीचा अर्ज करा.

*मग ड्रायव्हरचं काय? त्याचं काम गेलं का?*

माझ्या त्या रानात ड्रायव्हर दादांनी पहिला काळा तुकडा पाहिला आणि ट्रॅक्टर थांबवला. पडदा तेव्हाही हिरवाच होता. त्यांनी मागं वळून बघितलं म्हणून उरलेल्या नळ्या वाचल्या. आता मी कुठंही हे काम शिकवायला गेलो, की ड्रायव्हरला पहिली गोष्ट हीच सांगतो: हात मोकळे झालेत ना, मग मान मागं वळवत राहा.